निवळीचं बी, घोळीचं भोत आणि बिअरचा गढूळपणा

नेरळहून कळंबच्या रस्त्याला लागलं की वाटेत पोशीर येतं. गावाचं नाव तेच, नदीचंही तेच. पहिला मोठा पाऊस झाला की डोंगरावरची सगळी लाल माती या नदीत उतरते आणि पुढे उल्हासमधून कल्याणकडे, तिथून वसईच्या खाडीकडे निघते. नळ येण्याआधी आमच्या भागातल्या बायकांचं पावसाळ्यातलं पहिलं काम म्हणजे पाणी निवळणं. माझी दादी हंड्यात तुरटीचा खडा सात वेळा फिरवायची आणि बिस्मिल्लाह म्हणायची. मग हंडा झाकून ठेवायची. सकाळी वरचं पाणी काचेसारखं आणि तळाला बोटभर चिखल. हंडा हलवला तर पाठीत धपाटा बसायचा.

हे सगळं आठवायला कारण घडलं ते मागच्या पावसाळ्यात. ओळखीचा एक ठाकर तरुण घरी आला. आमच्याकडे आता भातखाचरांच्या मध्येमध्ये फार्महाऊस उगवली आहेत, त्यांतल्या एका बंगल्याची राखण तो करतो. मालक शनिवार-रविवारी मुंबईहून येतो. त्याने हौसेने घरच्या घरी बिअर करायला घेतली होती, वीस लिटरच्या पिंपात. तीन आठवडे झाले तरी ती गढूळच. मालकाने त्याला सांगितलं, तुमच्या गावात पाणी निवळायला काय टाकतात ते विचारून ये.

“भाई, तुमी वाचता बरंच काय काय. तुरटी टाकू का?”

मी आयुष्यात बिअर चाखलेली नाही आणि चाखणारही नाही. आधी हसू आलं. नको टाकू, एवढं सांगितलं. पण तो गेल्यावर प्रश्न डोक्यात राहिला. जगात एवढी बिअर विकली जाते, ती निवळतात कशाने? शोधायला बसलो तर उत्तर आमच्याच समुद्रात सापडलं. त्या उत्तराला जोडून या तालुक्यातल्या ठाकर-कातकऱ्यांचीही गोष्ट निघाली. काही वाचक म्हणतील, हराम चीजेवर एवढा वेळ कशाला? मला वाटतं, एखादी वस्तू आपण पीत नाही म्हणून तिच्यापायी कोण श्रीमंत झालं आणि कोण तुरुंगात गेलं हे आपल्याला माहीत नसावं, असं काही नाही.

तर आधी पाणी. तुरटीच्या आधी आपल्याकडे निवळीचं बी होतं. कुचल्याच्या जातीतलंच हे झाड, पण याचं बी विषारी नाही. कोरडं बी सहाणेवर उगाळायचं किंवा मडक्याच्या आतल्या बाजूला घासायचं आणि वर पाणी ओतायचं. संस्कृतात याला कतक म्हणतात. सुश्रुताने गढूळ पाणी स्वच्छ करणाऱ्या सात वस्तू दिल्या आहेत, त्यांत पहिलं नाव कतकाचं. पुढे गोमेद, कमळाचा कंद, शेवाळाचं मूळ, कापड, मोती आणि मणी. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात तर कतकाचा दाखलाच आहे. त्या झाडाचं फळ पाणी निवळतं हे खरं, पण नुसतं नाव घेतल्याने निवळत नाही, असा त्याचा भावार्थ. मनुस्मृतीशी माझं फारसं जमत नाही, पण हा दाखला दादीला पटला असता. ती बिस्मिल्लाह म्हणायची, पण खडा फिरवायला कधी विसरायची नाही.

सुदानमध्ये नाईलकाठच्या बायका हेच काम शेवग्याच्या बियांनी करत. सामिया अल अझहरिया जान या संशोधिकेने त्या पद्धतीचा बारकाईने अभ्यास केला तेव्हा कुठे प्रयोगशाळांनी शेवग्याकडे पाहिलं. आपल्या निवळीला अजून तशी कुणी वाली भेटायची आहे.

या सगळ्यामागचं शास्त्र एकच आहे. पाण्यातल्या मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो. सगळ्यांवर सारखाच भार, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात आणि तरंगत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम धन भाराचं. ते हा भार मोडतं, कण एकमेकांना चिकटतात, गुठळ्या जड होतात आणि बुडतात. बिअरमध्ये गढूळपणा आणतात त्या मुख्यतः यीस्टच्या पेशी, आणि त्यांच्यावरही ऋणच भार असतो. मग तुरटी का चालत नाही? कारण बिअर आंबट असते आणि एवढ्या आंबटात तुरटीचा तो जाळीसारखा साका तयारच होत नाही. वर तुरट चव राहते ती राहतेच. धन भाराचं, पण आंबटात काम करणारं काहीतरी हवं.

पिण्याच्या मादक पदार्थांना निवळण्याची गरज आपल्याकडे फार जुनी आहे. अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचा अख्खा अध्याय आहे आणि त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु अशी पेयं येतात. प्रसन्ना हे दारूचं नाव वाचून मी थबकलो. आपण प्रसन्न हा शब्द चेहऱ्याला आणि सकाळीला वापरतो, पण त्याचा एक जुना अर्थ निवळलेलं, गाळ खाली बसलेलं असा आहे. प्रसन्ना म्हणजे निवळ सुरा. तिचा रंग स्वच्छ करण्यासाठी साखरेत मधुकाचा काढा मिसळायची कृतीही तिथे आहे. हे मधुक म्हणजे मोह की ज्येष्ठमध, यावर पंडितांचं एकमत नाही. आमच्या भागातल्या माणसाला मोहच वाटणार.

शार्ङ्गधराने तर एकाच मडक्याच्या थरांना वेगवेगळी नावं दिली. सगळ्यात वरची निवळ ती प्रसन्ना. तिच्याखाली थोडी दाट ती कादंबरी. त्याखाली जगल, त्याहून दाट मेदक. एकच भांडं, एकच आंबवण, पण वरून ओतून घेणाऱ्याला एक पेय मिळतं आणि तळ खरवडणाऱ्याला दुसरं. कुणी कुठला थर प्यायचा हे ग्रंथात लिहिलेलं नाही, आणि लिहायची गरजही नसावी.

फारसी आणि उर्दू शायरीतही हीच विभागणी आहे. वरची ‘साफ’, खालचा गाळ ‘दुर्द’. मैखान्यात ज्याच्या खिशात पैसे नाहीत तो दुर्दकश, गाळ पिणारा. शायरांनी या दुर्दकशाला मोठा मान दिला, सूफींनी त्याला आणखी वर चढवलं. पण तो मान शेरातला. मैखान्यात त्याला मिळायचा तो गाळच.

आणि मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते आपल्या फिक्हमध्ये हीच चर्चा सापडल्यावर. खम्र म्हणजे नेमकं काय, कुठल्या क्षणी द्राक्षाचा रस खम्र होतो, यावर हनफी फकीहांत मतभेद होता. अबू युसुफ आणि मुहम्मद हे दोघे शिष्य म्हणत, रस उसळला आणि त्यात तेजी आली की झालं. त्यांचे उस्ताद इमाम अबू हनीफा आणखी एक अट घालत: त्याने फेस वर फेकला पाहिजे. का? मरगिनानींच्या ‘हिदाया’त याचं कारण दिलं आहे. उसळणं ही सुरुवात आहे. फेस फेकून रस शांत झाला की ती पुरी होते, कारण त्यानेच साफ आणि गढूळ वेगळं होतं. म्हणजे बाराव्या शतकातल्या फरगाण्याच्या या फकीहाला आंबवण्याच्या क्रियेचा शेवट कुठे होतो हे नीट माहीत होतं. न पिणाऱ्या माणसाने एवढं बारीक पाहिलं होतं! याच ‘हिदाया’चं चार्ल्स हॅमिल्टनने केलेलं इंग्रजी भाषांतर १७९१ मध्ये निघालं आणि कंपनीच्या न्यायालयांत ते वापरात होतं. पुढे हनफींतही फतवा इमाम मुहम्मदांच्या बाजूनेच स्थिरावला: ज्याचं पुष्कळ प्यायल्याने नशा येते त्याचा थेंबही हराम. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. आमच्यात ही चर्चा पहिल्यापासूनच मिटलेली होती.

आता माशाकडे येतो. माशाच्या पोटात हवेची एक पिशवी असते, तिच्यावर तो पाण्यात वर-खाली होतो. आपले कोळी तिला भोत म्हणतात, काही ठिकाणी बोत. घोळ मासा चिरला की आतलं भोत सांभाळून काढायचं, रक्त आणि वरची पातळ कातडी खरवडायची, धुऊन उन्हात वाळवायचं. वाळलं की ते पिवळट, अर्धपारदर्शक, शिंगासारखं होतं. वाम माशाचंही भोत असंच वाळवतात. हे जवळजवळ शुद्ध कोलॅजन असतं. गरम पाण्यात शिजवलं तर त्याचा सरेस होतो. फारसीतलं सरेश-ए-माही ते हेच, अरबीत गिराउस्समक. इब्न सीनाच्या ‘कानून’मध्ये ते औषध म्हणून येतं. उस्मानी तुर्कांचे कमानगर शिंग, लाकूड आणि स्नायूंचे धागे याच माशाच्या सरेसाने जोडून धनुष्य बनवत.

पण शिजवलं नाही, आंबट पाण्यात थंडपणे आठवडा-दोन आठवडे भिजवलं, तर त्याचा सरेस न होता दाटसर, दुधाळ लगदा होतो. त्यातलं कोलॅजन अखंड राहतं आणि त्यावर धन भार असतो. हा लगदा गाळून बिअरच्या पिंपात ढवळला की यीस्ट त्याला चिकटतं आणि ढगासारखं खाली बसतं. इंग्रज याला आयझिंग्लास म्हणतात. या शब्दाचा काचेशी काही संबंध नाही. माशाच्या फुग्याला असलेल्या जुन्या डच शब्दाचा तो अपभ्रंश आहे. अट एकच, थंडी. विशी-पंचविशीच्या वर तापमान गेलं की कोलॅजनची वीण सुटते आणि त्याचं नुसतं जिलेटिन होतं. इंग्लंडच्या तळघरात हे चालून जायचं. आमच्या वैशाखात फळीवर ठेवलेल्या बाटलीतच ते मरेल.

इंग्लंडला हे भोत रशियातून येत होतं, स्टर्जन माशाचं, आणि ते फार महाग होतं. १७९५ मध्ये विल्यम मर्डॉकने कॉड माशापासून स्वस्त पर्याय काढला. वाफेच्या यंत्रात जेम्स वॅटचा सहकारी आणि गॅसच्या दिव्यांचा जनक तो हाच. लंडनच्या बिअरवाल्यांनी या पर्यायाचे त्याला दोन हजार पौंड मोजले. यावरून निवळ बिअरची किंमत कळावी. पुढे गरज वाढतच गेली. कथलाच्या आणि मातीच्या पेल्यात गढूळ काय आणि निवळ काय, दिसत नाही. १८४२ मध्ये बोहेमियातल्या पिल्सेन गावात सोनेरी, आरपार दिसणारी बिअर पहिल्यांदा निघाली. १८४५ मध्ये इंग्लंडने काचेवरचा कर उठवला. स्वस्त काचेचा पेला सर्वसामान्यांच्या हातात आला आणि मग गाळ कुणालाच चालेना.

त्याच १८४२ मध्ये लंडनला एक पुस्तक निघालं. लेखक जॉन फोर्ब्ज रॉईल, जन्म कानपूरचा, सहारनपूरच्या सरकारी बागेचा एके काळचा प्रमुख. विषय: हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरचं आयझिंग्लासचं उत्पादन. त्याआधी १८३९ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलात डॉ. मॅक्लेलंड यांनी बंगालच्या एका माशाच्या भोताबद्दल लिहिलं होतं. त्या सुमाराला इंग्रजांच्या लक्षात आलं की जे आपण रशियाकडून सोन्याच्या भावाने घेतो ते हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उन्हात वाळत पडलंय, आणि चिनी व्यापारी ते वर्षानुवर्षं उचलताहेत.

मुंबईला हे नवं नव्हतं. मुंबईहून चीनला जाणाऱ्या गलबतांत कापूस आणि अफूच्या सोबत मोरीचे पंख आणि माशांची भोतं असत. १८१३ मध्ये निघालेल्या मिलबर्नच्या व्यापारविषयक ग्रंथात ही जिन्नस नोंदलेली आहे. चिन्यांना ते सूपात हवं होतं, गोऱ्यांना पिंपात. तक्रार मात्र गोऱ्यांचीच जास्त होती. हिंदुस्थानी भोताला माशाचा वास येतो, नीट खरवडलेलं नसतं, सगळं विरघळत नाही. चिनी गिऱ्हाईक मुकाट्याने पैसे देऊन घेऊन जायचं. त्यामुळे रॉईलने कितीही हिशेब मांडले तरी आपला बराच माल पूर्वेकडेच जात राहिला. काही पश्चिमेकडेही गेला. अर्नाळा, वसई, उत्तनच्या कोळणींनी खरवडलेलं भोत लंडनच्या कुठल्या तरी तळघरात पोहोचलं असेल आणि पिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसेल, एवढं मानायला हरकत नाही.

आता किनाऱ्यावरून पुन्हा नदीने वर, कर्जतला येऊ. कारण त्याच काळात इथे उलटी गोष्ट चालू होती.

आमच्या डोंगरातल्या ठाकर-कातकऱ्यांचं पेय दोन प्रकारचं. एक मोहाची, म्हणजे फुलं आंबवून मडक्यावर मडकं ठेवून गाळलेली. ती निवळायला लागत नाही, वाफ होऊन येते ती निवळच येते. दुसरी ताडी आणि शिंदी. झाडावरून उतरवल्याबरोबर गोड, दुपारपर्यंत आंबट आणि पांढरट. तो पांढरेपणा म्हणजे यीस्टच. पेज-भाकरीवर जगणाऱ्या माणसाला त्या गढूळपणात थोडं ब जीवनसत्त्व मिळत असे. ताडी कुणी निवळत बसत नाही, निवळेपर्यंत तिचा सिरका होतो.

१८७८ मध्ये मुंबई आबकारी कायदा आला. आबकारी हा शब्द फारसी, ‘आब’ म्हणजे पाणी. पण या पाण्यात सरकारला महसूल दिसला. गावोगावच्या भट्ट्या बंद झाल्या आणि दारू मोठ्या भट्ट्यांत गाळायची असं ठरलं. उरणला पारशी भट्टीवाल्यांची मोठी रांगच होती. तिथे मोहफुलं यायची ती गुजरातेत दूर पंचमहालातून. म्हणजे कर्जतच्या डोंगरात मोह गळत असताना कर्जतच्या ठाकराने उरणला पंचमहालच्या फुलांची गाळलेली दारू दुकानातून रोख पैसे देऊन घ्यायची. ताडीच्या प्रत्येक झाडावर कर बसला, आणि तो इतका वाढवला की झाडं छेवायचीच थांबली. लोक अर्थातच चोरून गाळत राहिले. मग १८९२ मध्ये मोहफुलांचाच कायदा आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं जमवणं आणि जवळ बाळगणं यावरच परवान्याचं बंधन आलं. दारू नव्हे, फुलं! जी फुलं उन्हाळ्यात भाजून, शिजवून पोटात जातात ती. हे जिल्हे म्हणजे आमचेच, कर्जत आधी ठाण्यात होता, मग कुलाब्यात आला. कुलाब्याचं रायगड झालं १९८१ मध्ये.

डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरातबद्दल लिहिताना याला नेमका शब्द वापरला: रिवाजाचा गुन्हा झाला. इंद्रा मुन्शी यांनी ठाण्याच्या बाबतीत हाच हिशेब मांडला आहे. दोन्ही वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. सरकार दारूच्या विरोधात नव्हतं. त्याच मुंबई बंदरात इंग्लंडहून बिअरची पिंपं उतरत होती. ती बिअर महिनोन्‌महिने मुरवून, गाळ बसवून, निवळ करून धाडलेली असे, आणि तिच्यावर जकात भरली की ती प्रतिष्ठित होई. डोंगरातला ठाकर ज्या झाडाखाली जन्मला त्याची फुलं उचलली की तो चोर. एकीकडे कोकणच्या माशाचं भोत घेऊन बिअर निवळायची, दुसरीकडे कोकणच्या झाडाचं फूल उचलणाऱ्याला पकडायचं.

इथे आपल्या लोकांबद्दलही एक बोललं पाहिजे. आमच्याकडचे काही बुजुर्ग अजूनही ‘दारूडे ठाकर’ असा सर्रास शब्द वापरतात. दारूने घरं उद्ध्वस्त केली हे खरं आहे, आणि आदिवासी बायकांनीच त्याविरुद्ध किती वेळा मोर्चे काढलेत. पण घरात सणाला, मयताला, देवाला लागेल तेवढी गाळणारा माणूस दुकानाचा आणि सावकाराचा उधारीवाला कसा झाला, ते या कायद्यांशिवाय कळत नाही. आपण पीत नाही हा आपला तक्वा. त्यावरून दुसऱ्याचा इतिहास पुसायचा अधिकार मिळत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. पुढे बंदी सैल झाली आणि परवाने आले, पण परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा राहिला. मोहफुलांवरची बंधनं महाराष्ट्र सरकारने उठवली ती २०२१ मध्ये. मूळ कायद्याला एकशे एकोणतीस वर्षं झाली होती. इंग्लंडमध्ये घरच्यापुरती बिअर करायला लागणारा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला, अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने तिला मोकळीक मिळाली. या छंदाची सगळी पुस्तकं तिकडून येतात, आणि त्यांत इकडच्या कायद्याबद्दल काही नसतं.

भोताचं पुढे काय झालं? गिनेस कंपनीने २०१५ मध्ये जाहीर केलं की आम्ही माशाचं भोत वापरणं बंद करणार. शाकाहारी गिऱ्हाइकांची मागणी होती. शेवाळापासूनचं कॅरागीन, जिलेटिन, नवी गाळणयंत्रं असे दुसरे उपाय आहेतच. पण चीनकडची मागणी काही थांबली नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पालघरच्या मुरब्याच्या एका बोटीला दीडशेच्या वर घोळ मासे एकदम मिळाले आणि लिलावात सव्वा कोटीच्या वर रक्कम आली. मांसाला नव्हे, भोताला. सगळ्या वर्तमानपत्रांनी छापलं. कोळी मात्र सांगतात की अशी जाळी आता नशिबाची गोष्ट आहे, एकेकाळी घोळीचे थवे यायचे. २०२३ मध्ये गुजरातने घोळला राज्यमासा केलं, महाराष्ट्राने पापलेटला. दोन्ही मासे कमी झाल्यावर त्यांना मान मिळाला.

आणि गंमत पाहा, आता शहरात गढूळ बिअरची चलती आहे. २००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली, मग ताजी बिअर तिथेच बनवून विकणारी ठिकाणं मुंबईत आणि इतरत्र निघाली. त्यांतली गव्हाची बिअर मुद्दाम न गाळलेली, धुरकट असते, आणि ती महाग विकली जाते. गाळ आता कारागिरीची खूण झाला आहे. ताडीच्या गढूळपणाला मात्र तो मान अजून मिळालेला नाही.

एवढं सगळं वाचून झाल्यावर मी त्या पोराला बोलावलं. तुरटी नको हे पुन्हा सांगितलं. मग म्हटलं, मालकाला सांग, पिंप दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवायचं. मग साधं जिलेटिन कोमट पाण्यात विरघळवून टाकायचं आणि आणखी तीन दिवस हलवायचं नाही. तो हसला. “म्हणजे हंड्यासारखंच.” मग मी त्याला विचारलं, पिंप आहे कुठे?

“माझ्या खोलीत. मालक म्हनतो बंगल्यात वास येतो.”

त्याचा पणजा मोहाच्या मडक्यापायी पकडला गेला होता. पोलीस पहाटे आले, मडकी फोडली आणि त्याला चालवत कर्जतला नेलं, एवढंच त्यांच्या घरात सांगतात. कुठल्या साली ते कुणाला आठवत नाही. मी त्याला कायदा समजावून सांगितला. धाड पडली तर पिंप ज्याच्या खोलीत, गुन्हा त्याच्या नावावर. मालक मुंबईत असेल. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली, चहा पिऊन गेला.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला, आवाजात आनंद होता. भाई, तुमचं औषध लागू पडलं. मालकाने पेला उजेडाला धरून बघितला, आरपार दिसत होतं, मार्गशीर्षातल्या पोशीरच्या पाण्यासारखं. मालक खूश होऊन दुसरं पिंप लावतोय.

“आणि पिंप कुठे ठेवलंस?”

“कुठं ठेवनार? माझ्याच खोलीत.”